वाघोबाच्या वाट्याचा गूळ

दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीच्या सकाळी बाबांनी माझ्या बॅगेतला बिस्किटांचा पुडा काढून आईच्या हातात दिला आणि मला हसायलाच आलं. दिवसभर डोंगर चढायचा आणि खायला काहीच न्यायचं नाही! पण देवाच्या आधी तोंड उष्टं करायचं नाही, असा बाबांचा नवस होता. आणि तो माझ्याच नावाचा, मग मी काय बोलणार?

झालं असं होतं, की पावसात लावणीच्या चिखलातून मला ताप आला. साधाच वाटला, अंगावर काढला, आणि तो डायरेक्ट किडनीपर्यंत गेला. मी ठाण्याला हॉस्पिटलात आत, बाबा बाहेर बाकड्यावर. तिथेच ते बोलून बसले, की पोर घरी आली तर वाघबारशीला तिला घेऊन उपाशीपोटी खिंडीतल्या वाघोबाला जाईन, गूळ-नारळ देईन. वाघोबा म्हणजे शेंदूर फासलेला दगड, रानात जाणाऱ्या माणसांची आणि गुरांची राखण करणारा. आमच्या शहापूरच्या अंगाने चढायचं, धरणाच्या कडेकडेने जायचं, आणि पुढे मुरबाडकडे उतरणारी खिंड लागते तिथे तो बसलाय.

मला तर भारीच वाटत होतं. आजारपणानंतर पहिल्यांदा घराबाहेर! एक डोंगर उतरला की दुसरा, दुसरा उतरला की तिसरा, गवत पिवळं पडायला लागलेलं, कुसळं सलवारीला चिकटून टोचत होती, तरी मी फोटो काढतच होते. मग खाली धरणाचं पाणी दिसलं. इतकं गप्प पाणी मी बघितलंच नव्हतं. एक पाणकावळा पंख सुकवत बसलेला, बाकी कोणी नाही.

बाबा पाणी बघून थांबले ते थांबलेच. लहानपणी ते इथे गुरं चारायला यायचे, पण उन्हाळ्यात, शेतीची कामं उरकून गुरं मोकळी सुटली की. तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं आणि काठाने सरळ वाट असते. तीच वाट त्यांनी डोक्यात धरलेली. आता धरण काठोकाठ भरलेलं, वाट पाण्याखाली, आणि डोंगराच्या प्रत्येक घळीत पाणी आत शिरलेलं. म्हणजे समोरचा काठ दगड मारला तर लागेल एवढा जवळ, पण तिथे पोचायला घळीच्या टोकापर्यंत आत जायचं आणि पलीकडून परत बाहेर यायचं. एक घळ संपली की दुसरी तयारच.

मी म्हटलं, परत फिरू, पुढच्या आठवड्यात येऊ. बाबा म्हणाले, वाघबारस काय दर आठवड्याला येते काय?

ऊन डोक्यावर आलं तसे बाबा बोलायचे थांबले. मग उगाच चिडायला लागले. एका करवंदीच्या जाळीला शर्ट अडकला तर तिला शिवी घातली, आणि माझे बाबा कधी बैलालाही शिवी देत नाहीत. मला वाटलं दमलेत. मग पाणी प्यायला बसलो तर त्यांना बाटलीचं झाकणच उघडेना. हात लटलट कापत होते, शर्ट पिळून काढावा एवढा घाम.

आणि मला एकदम डॉक्टरांचं बोलणं आठवलं. बाबांना साखरेचा आजार आहे. घाम, कापरं, बोलणं अडखळलं की लगेच गोड द्यायचं, थांबायचं नाही, असं त्यांनी आईला माझ्यासमोर सांगितलेलं.

"बाबा, सकाळी गोळी घेतलीत?"

"घेतली ना. गोळीनं उपास नाय मोडत."

 भात नाही, भाकरी नाही, चहासुद्धा नाही, आणि वर साखर उतरवायची गोळी! घरात कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. गोळी ती गोळी, ती कुठे अन्न आहे?

फोनला रेंज नव्हती. मी वर टेकाडावर पळाले, तिथेही नव्हती. ओरडले. पण सगळी माणसं कापणीला शेतात, इथे कोण असणार? माझाच आवाज पाण्यावरून परत आला. खाली आले तर बाबा आडवे झालेले आणि गुळाची पिशवी छातीशी दोन्ही हातांनी धरलेली.

मी पिशवी ओढली, त्यांनी सोडली नाही. मी हातापाया पडले, रडले, आईची शपथ घातली. त्यांची जीभ जड झाली होती, तरी एवढंच नीट बोलले, "नको गो बाय. तुझ्या जिवाची गोष्ट हाय ती."

म्हणजे माझ्यासाठी हा माणूस माझ्यासमोर मरणार होता. मी काय करू, सांगा ना? मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली, गुळाला गुंडाळलेलं फडकं फाडलं आणि गुळाचा खडा त्यांच्या ओठांना लावला तर त्यांनी दात आवळून घेतले.

मग मी तो खडा त्यांच्यासमोर स्वतःच्या तोंडात घातला. चावला. गिळला.

"बघा, उष्टा झाला. आता देवाला चालत नाय. खावा."

बाबांचे डोळे असे झाले की मला परत कधी बघायचे नाहीत. त्यांनी हात उचलला, मला वाटलं मारतायत. पण तो माझ्या तोंडापाशी आला, जणू आत गेलेला गूळ परत काढायचा होता. मग हात खाली पडला. मी दुसरा तुकडा त्यांच्या तोंडात सारला. या वेळी त्यांनी दात आवळले नाहीत. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते गूळ चघळत होते.

सगळा गूळ संपेपर्यंत मी भरवत राहिले. मग त्यांचं डोकं मांडीवर घेऊन सावलीत बसले आणि सारखं विचारत राहिले, माझं नाव सांगा, आज काय सण आहे. बऱ्याच वेळाने त्यांनी माझं नाव सांगितलं, आणि लगेच तोंड फिरवलं.

खिंड समोर दिसत होती. गेलो नाही आम्ही.

परतताना बाबा पुढे झालेच नाहीत. माझ्या मागून चालत होते, आणि मी गवतात पाऊल टाकायच्या आधी साप-किरडू असेल म्हणून बाजूने काठी आपटत होते.

परवा मला साधी सर्दी झाली. दोन शिंका आल्या असतील. बाबा कापणी टाकून घरी आले, विळा हातातच, आणि उंबऱ्यावर बसले. मी म्हटलं, काय नाय झालं मला, जावा तुमी. ते माझ्या तोंडाकडे बघत बसून राहिले.