भोपळ्यावरची पहिली सुरी

भोपळे कोरणं हा माझा व्यवसाय आहे असं सांगितलं की पुण्याकडची माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "ते ठीक, पण तू करतेस काय?" जर्मनीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे ऑक्टोबर लागला की शेतांच्या फाटकांशी, रोपवाटिकांत, हॉटेलांच्या दारात मी कोरलेले चेहरे मांडलेले असतात. लोक मुलांना कडेवर उचलून ते दाखवतात. नोव्हेंबर आला की तेच चेहरे फावड्यानं उचलून खताच्या ढिगावर जातात. आधी तोंड खचतं, मग गालांवर बुरशीची दाढी येते. याचं मला फारसं वाईट कधी वाटलं नाही. टिकणाऱ्या वस्तूंचा मला तेवढा सोस नाही, आणि कॉलेजात मी शिकले ते नेमकं दगडातलं आणि काशातलं काम.

शिल्पकलेची पदवी घेऊन मी लग्नानंतर एर्लांगेनला आले तेव्हा दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. नवरा इंजिनिअर, सकाळी सायकलवर टांग टाकून जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मला जर्मन येत नव्हतं, ओळखी नव्हत्या, आणि माझ्या पदवीची किंमत त्या गावात भोपळा! हे अक्षरशः खरं होईल असं मात्र तेव्हा वाटलं नव्हतं.

गावाबाहेर भाजीपाल्याची शेतं आहेत. बसनं गेलं तर शेतावरच भाजी विकत मिळते. तिथल्या एका शेतमालकिणीनं अंगणात गवताच्या गठ्ठ्यांवर भोपळे रचले होते. त्यातला एक तर मांडी घालून बसलेल्या माणसाएवढा होता. अशा जातीला चव नसते, ती फक्त आकाराची हौस. त्याच्या एका बाजूला फुगवटा होता आणि मला त्यात सरळ सरळ एका चिडलेल्या म्हाताऱ्याचं नाक दिसलं. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी तसं तिला सांगितलं. तिनं भोपळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "जा, मग काढ ना बाहेर त्याला."

दुसऱ्या दिवशी मी माती कोरायची माझी तारेची हत्यारं घेऊन गेले. भोपळ्यात मेणबत्ती लावायला डोळे-दात कापतात तसं हे काम नसतं. तो पोकळ करायचा नाही. आधी तोंडापुरती साल सोलायची, मग आतला गर मातीसारखा थराथरानं उतरवत जायचं. नाक सगळ्यात पुढे ठेवायचं आणि डोळे खोल न्यायचे. गर किती जाड आहे ते हत्याराखालच्या आवाजावरून ओळखायचं, कारण एकदा आरपार भोक पडलं की नाक गेलंच. कापताना काकडीसारखा वास येतो आणि पाणी सुटून मनगटं गारठतात. मला ते सगळं फार आवडलं. देश सोडल्यापासून पहिल्यांदा माझे हात माझे वाटले.

पण मी अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी लावत नव्हते. आमच्याकडे, म्हणजे माझ्या माहेरीही आणि सासरीही, अख्खा भोपळा बाईनं आधी फोडायचा नाही असा दंडक. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग पुढे बाईनं खुशाल भाजी करावी. बाजारात फोड विकत मिळते म्हणून बऱ्याच घरांत हा प्रश्नच येत नाही, पण सासूबाईंच्या परसात वेल होता. सासरे गेल्यावर पहिली सुरी त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझा नवरा, लावायचा. तो जर्मनीला आल्यावर सासूबाई दूधवाल्याला थांबवून त्याच्या हातात सुरी द्यायच्या. धाकटा दीर घरात असेल तर तो, पण त्याचा पत्ता कधी नसायचा.

मी यावर विश्वास ठेवत होते का? नाही. पण अंघोळ केल्याशिवाय देवापुढे जात नाही तितकीच ही सवय अंगात मुरलेली. म्हणून मी शेतावर कोरायला लागले तेव्हा नवरा कामावर जाताना सायकल तिकडून वळवायचा, रांगेतल्या प्रत्येक भोपळ्याच्या देठाजवळ बोटभर चीर पाडायचा आणि निघून जायचा. शेतमालकिणीला वाटलं ही भारतीय शिल्पकलेची काही खास पद्धत असावी. तिनं विचारलं तेव्हा त्यानं गंभीरपणे सांगितलं, "गेनाऊ, अगदी बरोबर. माझ्याशिवाय हिचं काम सुरूच होत नाही." पुढे तो उशिरा आला की तीच त्याला हाक मारायची, "चला, मालक, चिरा पाडा."

दोन-तीन हंगामांत माझं नाव झालं. आजूबाजूच्या गावांच्या जत्रा, मग न्यूर्नबर्ग, आणि एकदा थेट हॅम्बर्गच्या बंदराजवळच्या एका बाजारपेठेनं बोलावलं. तिथे पावसात उभी राहून मी खलाशाचा चेहरा कोरला. उन्हाळ्यात वाळूची शिल्पं, थंडीत बर्फाची, आणि शरद ऋतूत भोपळे, असं वर्षाचं चक्र बसलं. सासूबाईंना फोनवर मी सगळं सांगायचे. आमचं काही विळ्या-भोपळ्याचं सख्य नव्हतं. त्या कौतुक उघड करत नसत, पण शेजारणींना माझे फोटो दाखवतात हे दीर सांगायचा.

मग मला दिवस गेले. त्या वर्षी ऑक्टोबरात सातवा लागला होता. पोट सांभाळत मी खुर्चीवर बसून कोरत होते. शेतावरच्या जत्रेच्या दिवशी लोकांसमोर कोरून दाखवायचं ठरलं होतं आणि नवरा कंपनीच्या कामासाठी हॅनोव्हरच्या प्रदर्शनाला गेला होता. जाण्याआधी त्यानं माझ्या भोपळ्याला चीर पाडून ठेवलीही होती. पण सकाळी पाहिलं तर त्याच बाजूनं तो नासायला लागलेला. शेतमालकिणीनं दुसरा आणून समोर ठेवला. लोक गोळा झाले होते, मुलं पुढे घुसत होती. मी सुरी उचलली आणि लावली. एवढंच झालं.

संध्याकाळी सासूबाईंना फोनवर मीच सांगितलं. आनंदात होते. "आई, केवढी गर्दी होती! आणि आज तर भोपळाही मीच फोडला, हे नव्हते ना." त्या म्हणाल्या, "बरं. पाय वर करून बस आता."

त्यानंतर काही दिवसांनी बाळ हलेनासं झालं. हॉस्पिटलात तपासलं तेव्हा ठोके नव्हते. मुलगा होता. सुईणीनं त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. त्याची बोटं नवऱ्यासारखी लांब होती. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की नाळेला गाठ बसली होती, अशी गाठ कुणाच्या हातून पडत नाही आणि कुणाला थांबवताही येत नाही. मला त्यांचा शब्दन् शब्द समजला. तोवर माझं जर्मन चांगलं झालं होतं.

सासूबाईंचा फोन आला तेव्हा त्या आधी नुसत्या रडल्या. मग म्हणाल्या, "तू त्या दिवशी एकटीनं भोपळा फोडलास म्हणालीस ना, तेव्हाच माझ्या मनात चर्र झालं होतं गं."

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. तो आईशी कधी बोलला नव्हता तसं बोलला. "आई, तू हे काय बोललीस? कळतंय का तुला काय बोललीस?" त्यानंतर तो घरी फोन करीना. मीही केला नाही. पण खरं सांगायचं तर त्यांचा राग मला आला नाही, कारण त्यांनी नवीन काहीच सांगितलं नव्हतं. ते वाक्य माझ्यात आधीपासून होतं. त्या अंगणात किती पुरुष उभे होते! एखाद्याच्या हातात सुरी द्यायला माझं काय जात होतं? डॉक्टरांचं बोलणं मला पटलेलं होतं आणि हेही मला पटलेलं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही हे कळण्याइतकी मी शिकलेली आहे, पण त्याचा काही उपयोग होत नव्हता.

पुढच्या वर्षी भोपळे आले. शेतमालकिणीनं सगळ्यात मोठा माझ्यासाठी राखून ठेवला. नवऱ्यानं चीर पाडली. मी हत्यार उचललं आणि माझा हात भोपळ्यापर्यंत गेलाच नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मी हत्यारं पिशवीत भरली आणि तिला सांगितलं, की आता माझ्यानं हे होणार नाही. ती म्हणाली, "आल्झो, ठीक आहे, तो इथेच ठेवते. बर्फ पडेपर्यंत त्याला काही होत नाही." मी घरी येऊन दार लावून रडले. मूल गेलं होतं आणि आता हातही गेले होते.

त्याच शरद ऋतूत सासूबाई आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. दिरानं व्हिसाचं सगळं करून दिलं आणि त्यांना विमानात बसवून मग आम्हाला कळवलं. नवरा आणायला गेला, पण वाटेत दोघं काही बोलले नसावेत. घरात आल्या, पाय धुतले, आणि मला म्हणाल्या, "किती वाळलीस." दोन दिवस त्या स्वयंपाकघरात होत्या. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. त्या शाल घेऊन दाराशी उभ्या राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, "मला त्याच्याकडे घेऊन चल. तूही चल गं."

दफनभूमीत लहान मुलांसाठी एक वेगळा कोपरा आहे. आमच्या बाळाच्या दगडावर मेपलची ओली पानं चिकटली होती. सासूबाई खाली वाकल्या आणि त्यांनी एकेक पान सोलून काढलं. रडल्या नाहीत. उठताना मी हात दिला तर त्यांनी तो धरून ठेवला. मग विचारलं, "ते भोपळ्यांचं शेत इथून लांब आहे का?"

"आई, आता पुरे," नवरा म्हणाला.

"तुला नाही विचारलं."

बस शेतावरूनच जाते. आम्ही उतरलो. शेतमालकीण बाहेर आली. नऊवारीवर शाल पांघरलेल्या बाईकडे तिनं पाहिलं आणि काही न विचारता "ग्र्यूस गॉट" असा नमस्कार करून बाजूला झाली. माझा भोपळा तसाच टेबलावर होता. देठाजवळची चीर सुकून तिच्यावर खपली धरली होती. सासूबाईंनी ती बोटानं चाचपली आणि म्हणाल्या, "हा नको. याला पुरुषाचा हात लागलाय. अख्खा हवा."

दुसरा आणला. त्यांनी सुरी मागितली. मला वाटलं आता मुलाच्या हातात सुरी देणार आणि मला शेजारी उभं करून काहीतरी विधी सांगणार. पण त्यांनी सुरी स्वतःच्या हातात घेतली.

"तू असा इकडे ये," मुलाला म्हणाल्या. "माझ्या समोर उभा राहा."

"आई, काय चाललंय हे? काही गरज नाहीये."

"उभा राहा म्हटलं ना!"

तो टेबलापलीकडे उभा राहिला. मला कळलं आणि मी पुढे झाले. "आई, नका. तुम्ही नका लावू."

"का?" त्या म्हणाल्या. "हा माझा थोरला. तुझा त्यामुळे गेला असं मी तुला म्हणाले ना? मग माझंही बघू या काय होतं ते."

आयुष्यात त्यांनी अख्ख्या भोपळ्याला कधी सुरी लावली नव्हती. साल जाड होती. त्यांनी दोन्ही हातांनी सगळा भार टाकला. भोपळ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, नजर मुलाच्या तोंडावर होती. ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. मग साल फाटल्याचा आवाज झाला आणि पातं मुठीपर्यंत आत गेलं. नवरा उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

सासूबाईंनी सुरी ओढून काढली, पदराला पुसली आणि टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ गेल्या. "बघ," त्या मला म्हणाल्या, "आहे ना उभा? मी चुकीचं बोलले होते गं. ते खोटं होतं. घे आता, तू कर."

त्यांनी सुरीची मूठ माझ्याकडे केली. मी घेतली. भोपळ्याच्या फाटलेल्या कडेला पातं लावलं आणि सालीची पहिली पट्टी खाली सोडली. पाणी मनगटावर आलं, गार. मान वर करून पाहिलं तर सासूबाईंनी मुलाच्या स्वेटरची बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मी चेहऱ्यापुरती सगळी साल सोलून काढेपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.