रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापुढे तर मी चोरून खाल्लेल्या आलूबोंड्याचीसुद्धा कबुली देतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

सीताबर्डीतल्या एका इमारतीत आमचं ऑफिस आहे. डॉलरच्या भावाशी बांधलेली डिजिटल नाणी विकणाऱ्या कंपनीसाठी मी व्हिडिओ कॉलवर माणसं तपासतो. सरकारचा नियम कडक — चेहरा, आधार कार्ड, आणि माणूस आपल्या मर्जीने खातं उघडतोय ना, हे कुणीतरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाणं मिळत नाही. तो पाहणारा मी. मला त्याचा अभिमान होता, खरंच. कुंपणच शेत खातं, ही म्हण शाळेत मी वहीभर लिहिली होती — उपयोग काय?

एका दुपारी पडद्यावर भिवापूरची एक बाई आली. मागे मिरचीचा ढीग, देठ खुडून लाल झालेली बोटं, मधूनच ठसका. फोन दुसऱ्याच कुणीतरी धरला होता. त्याच्या मनगटावरचं घड्याळ कोपऱ्यात येत होतं. हात जरा खाली घ्या, असं त्याला मीच म्हणालो.

रेकॉर्डिंगचं बटण अजून दाबलं नव्हतं. तेवढ्यात तिने विचारलं, "भाऊ, हे ग्यासच्या सबसिडीचंच होय ना गा?"

इथे कॉल कापायचा असतो. तो नियम मला पाठ आहे. मग का नाही कापला? कामाचा ताण, वरचे साहेब — सगळं स्वतःला सांगून पाहिलं. खरं म्हणजे मला भूक लागली होती आणि डबा उघडून ठेवला होता. मी म्हणालो, "हो मावशी. मी विचारलं का मंग तुम्ही म्हणा — माह्या मर्जीनं खातं उघडून राहिली."

मग बटण दाबलं. मी सांगितलं तसंच तिने म्हटलं. मी जेवायला गेलो.

काही महिन्यांनी परराज्यातल्या पोलिसांचं पत्र आलं. लोकांना फसवून उकळलेला पैसा तिच्या नावाच्या नाण्यांतून देशाबाहेर गेला होता. घड्याळवाला पसार. आपल्याला गॅसचं सांगितलं होतं, असं ती म्हणत होती — पण रेकॉर्डिंगमध्ये तिच्याच तोंडचं वाक्य होतं. बाईंनी स्वखुशीने खातं उघडलं, सोबत कुणी नव्हतं, असं मी लिहून दिलं. सही केली. पोलीस तिला घेऊन गेले. पुढे काय झालं? मी विचारलं नाही. मला विचारायची भीती वाटली, आजही वाटते.

नियम आता आणखी आवळणार म्हणतात. नवी मुलं भरती झाली आहेत, त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं आहे. चांगल्या तपासणीचा नमुना म्हणून साहेबांनी नेमकं तेच रेकॉर्डिंग निवडलं — नाव झाकून. दर सोमवारी मी ते भिंतीवर लावतो. मर्जीचा प्रश्न येतो, आणि ती क्षणभर थांबते. मुलांना वाटतं, नेटवर्क अडकलं असेल. ती माझ्याकडे बघत असते — बरोबर म्हणतेय ना मी?

रेकॉर्डिंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आहे. त्या चौकटीकडे अजून कुणी पाहिलेलं नाही. तिथे मी बसलेलो आहे, आणि मान हलवून त्या बाईला हो म्हणतो आहे.