दोन कॉलेजं आणि बाबांचे कान

ऑप्टोमेट्री म्हणजे काय, हे आमच्या कामतघर वस्तीत समजावून सांगताना माझ्या घशाला कोरड पडायची. “चष्म्याचा नंबर काढायला चार वर्षं?” असं शेजारच्या काकूंनी विचारलं, मामाने विचारलं, मार्कशीटची झेरॉक्स काढून देणाऱ्यानेही विचारलं. मी प्रत्येकाला भिंगं, तिरळेपणा, लहान मुलांची नजर असं सगळं सांगत बसायचे. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे दुकानच टाकणार ना?” मग मी नाद सोडला.

खरी पंचाईत वेगळीच होती. मला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता आणि त्यातली एक जागा ठरलेल्या मुदतीत पक्की करायची होती. एक कॉलेज ठाण्याच्या बाजूचं, नवंकोरं, काचेच्या इमारतीतलं. घरून रोज जाऊन येता आलं असतं. दुसरं मुंबईत, जुनं, डोळ्यांच्या दवाखान्याला जोडलेलं, पण तिथे होस्टेलवर राहावं लागणार होतं. कधी हे बरं वाटायचं, कधी ते. जेवण जाईना. घरात कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला? आणि माझा स्वभाव असा की मेथीच्या दोन जुड्यांतली एक निवडतानाही मला घाम फुटतो. इथे तर चुकलं की चार वर्षं गेली.

बाबांचं मत पक्कं होतं. “जवळचं घे. लांब न्हाय.” कारण विचारलं की उठून बाहेर जायचे. त्यांच्याशी वाद घालायची सोयच नव्हती, कारण गेल्या वर्षभरात त्यांना बोललेलं समजेनासंच झालं होतं. उभं आयुष्य त्यांनी पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेलं. आमच्याकडे कारखान्यातल्या माणसाने हाकेला ओ दिली नाही, तर कोणी डॉक्टर गाठत नाही. कान गेले म्हणतात आणि आवाज चढवतात. आईही ओरडून बोलायची, मीही. आमच्या घरातलं भांडण असो की बेत, सगळ्या चाळीला फुकटात कळायचा.

शेवटी मुदतीच्या आदल्या दिवशी बाबांनी ड्युटी बुडवली आणि आम्ही दोन्ही कॉलेजं बघायला निघालो. धामणकर नाक्यावर ट्रकांमध्ये रिक्षा अडकली. आज काहीतरी ठरणार होतं आणि ते मलाच ठरवायचं होतं.

ठाण्याचं कॉलेज बाबांना फार आवडलं. एसी, चकचकीत फरशी, प्लास्टिकच्या आवरणातली यंत्रं. मला मात्र तिथे एकही पेशंट दिसला नाही. यंत्रं आहेत, मग तपासतात कोणाला? हे विचारायचा धीर झाला नाही. जवळ आहे, बाबा खूश आहेत, घेऊन टाकावं, असं मी बसमध्ये स्वतःला समजावत राहिले. पण जीव थाऱ्यावर नव्हता.

मुंबईच्या कॉलेजात बाकं माणसांनी भरली होती. भिंतींचा रंग उडालेला, आणि मुलंमुली हातात टॉर्च घेऊन एका पेशंटकडून दुसऱ्याकडे पळत होती. तिथल्या एका मॅडमनी आम्हाला तपासणीच्या खोलीत बोलावलं आणि दारापाशी उभ्या राहूनच विचारलं, “काका, मुलीला होस्टेलवर ठेवाल ना?”

बाबा नुसते हसले.

“वर्षभर त्यांना ऐकू येत नाही,” मी सवयीने सांगितलं. “लूमवर असतात. जरा मोठ्याने बोला.”

मॅडम मोठ्याने बोलल्या नाहीत. बाबांच्या अगदी समोर आल्या आणि तेच, तितक्याच हळू आवाजात विचारलं. बाबा लगेच म्हणाले, “बघू, अजून ठरलं न्हाय.” त्या पुन्हा दारापाशी गेल्या, पुन्हा बोलल्या. बाबा पुन्हा हसले.

“हे ओठ बघून समजून घेतात. कधीपासून?” त्यांनी मला विचारलं.

“लूमवरची सगळीच माणसं घेतात. लूम चालू असताना आवाज पोचतच नाही,” मी म्हटलं. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

“मग कान जुनेच गेलेत. या वर्षात बिघडलेत ते डोळे.”

त्यांनी बाबांना खुर्चीत बसवून तपासलं. मोतीबिंदूची सुरुवात होती, त्याने नंबर बदलला होता. सध्या चष्म्यावर भागेल, ऑपरेशनचं पुढे बघू, असं त्या म्हणाल्या. मी सुन्न झाले. डोळ्यांचं शिकायला निघालेली मी, आणि घरातल्या माणसाला दिसत नाही हे मला कळलं नव्हतं. हे आपल्याला जमणार तरी का?

मॅडमनी बाबांच्या नाकावर तपासणीची जड, गोल फ्रेम चढवली, तिच्यात भिंगं बदलून बदलून बसवली आणि दारापाशी जाऊन आवाज न करता नुसते ओठ हलवले.

“समजतंय की!” बाबा खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले. मग इकडेतिकडे बघता बघता त्यांची नजर माझ्यावर थांबली.

“तू अशी का दिसतेस? घाबरलीस काय?”

मी मान हलवून नाही म्हटलं.

“न्हाय कसं? तोंड बघ तुझं. कधीपासून हाय हे?”

मला रडू आवरलं नाही. “चुकीचं निवडलं तर काय करू, बाबा?” मी म्हटलं. या वेळी ओरडले नाही, तरी त्यांना सगळं समजलं.

“तुला कुठलं पाहिजे?”

“हे. पण तुम्ही जवळचं म्हणताय.”

बाबांनी नाकावरची फ्रेम सावरली. “फोनवर मला काय कळत न्हाय. लांब गेलीस नि काय झालं, तर तू तिकडून सांगत बसशील, मी हिकडं नुसता हो हो करीन. म्हणून म्हणत होतो.”

मग मॅडमकडे वळून ते म्हणाले, “हिची जागा हितंच पक्की करा. पण ही होस्टेलला जायच्या आधी मला चष्मा पाहिजे. व्हिडिओवर हिचं तोंड दिसाया हवं.”