उतरताना घ्या

तीन फेब्रुवारीला काजबाईनं मुदत ठेव मोडली आणि दोन माणसांच्या सहलीचे दोन लाख एकोणनव्वद हजार चारशे सहलवाल्याच्या टेबलावर मोजून ठेवले. तीस वर्षं शिंप्यांच्या दुकानांची काजं-बटणं करून तिनं ती ठेव जमवली होती. हे नावही तिला त्यातूनच पडलेलं.

सहल होती प्रभू येशूच्या पायवाटेची. जन्माचं गाव, नदी, सरोवर, डोंगर आणि सहाव्या दिवशी ते लग्नाचं गाव, जिथं एका लग्नात येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला. तिथल्या चर्चमध्ये जुनी जोडपी वेदीपुढं उभी राहून लग्नाची शपथ पुन्हा घेतात, असं पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सांगितलं, तेव्हाच तिनं मनाशी गाठ बांधली.

तिचा नवरा चौतीस वर्षं बसचा कंडक्टर होता. निवृत्तीनंतर त्याचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग घराचा रस्ता, मग मुलगा. गेल्या वर्षी एका सकाळी त्यानं तिलाच विचारलं, "ओ बाई, इथं कुणाकडं आलात?" तेव्हापासून ती 'बाई'च होती. चाळीस वर्षांचं 'अगं' गेलं ते गेलंच.

स्तोत्रं मात्र त्याला अजून तोंडपाठ होती. तीच तिची आशा. स्तोत्रं राहिली, तर शपथ का राहणार नाही? सहलीबरोबर येणारे पाळकसाहेब तेच शब्द विचारतील, हा 'होय' म्हणेल, वळून बघेल.

मुलानं फोनवर समजावलं. "आई, डॉक्टर नको म्हणालेत. तिथं जाऊन बाबा बरे होणार आहेत का?"

"बरे नाही झाले तरी चालेल रे. एकदा अगं म्हणू देत."

सहलीच्या अर्जात एक रकाना होता: स्मरणशक्तीचा काही त्रास? आयुष्यात एक टाका खोटा न घातलेल्या बाईनं तिथं 'नाही' लिहिलं.

पहिल्याच दिवशी बस हलली आणि नवरा उठून मधल्या वाटेत उभा राहिला. "पुढं सरका, पुढं जागा आहे! सुट्टे काढून ठेवा!" स्तोत्रांच्या कागदाच्या पट्ट्या फाडून तो तिकिटं देऊ लागला. मंडळींना गंमत वाटली.

सहलीतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "कंडक्टर, मला थेट स्वर्गापर्यंतचं द्या."

"ही गाडी तिथं जात नाही, बाई. मागची घ्या."

सगळी बस हसली. काजबाईही हसली, पण तिचा हात त्याच्या सदऱ्याच्या टोकाला घट्ट धरून होता.

पाचव्या दिवशी सरोवराकाठी तो हात सुटला. ती प्रसाधनगृहात गेली होती. तेवढ्यात नवऱ्यानं बसच्या दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि ओरडला, "चला!" परक्या मुलखातला असला तरी ड्रायव्हर तो ड्रायव्हर, त्यानं गाडी सोडली. काजबाई धरून नऊ माणसं भर उन्हात दीड तास उभी राहिली. त्यांत मुख्याध्यापिकाही होत्या.

सहलवाला आवाज न चढवता बोलला. "तुम्ही अर्जात 'नाही' लिहिलंत. मी विश्वास ठेवला. उद्या दोघं हॉटेलवरच थांबा."

"उद्या लग्नाचं गाव आहे हो."

"चाळीस माणसं माझ्या जिवावर आलीत, काजबाई."

त्याचं चुकत नव्हतं. म्हणूनच तिला भांडता येईना. मध्ये पडल्या त्या मुख्याध्यापिका. "उन्हात मी उभी होते. तक्रार करायची तर मी करीन. उद्या मी बसते त्यांच्याशेजारी, वर्गातलं पोर सांभाळते तसं सांभाळीन."

दुसऱ्या दिवशी वेदीपुढं पाच जोडपी उभी राहिली. पाळकसाहेबांनी प्रत्येकीच्या हाती शपथेचं प्रमाणपत्र दिलं. कंडक्टरची पाळी आली. "या स्त्रीला पत्नी म्हणून सुखात, दुःखात, आजारात सांभाळशील का?"

नवरा वळला. त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं.

"कुठं जायचंय?" त्यानं विचारलं.

"तुमच्याबरोबर."

"तसं चालत नाही. थांब्याचं नाव सांगा."

पाळकसाहेब खाली बघत होते. मागं कुणी हसलं नाही.

"घरी," ती म्हणाली.

"शेवटचा थांबा. पाच द्या."

दानपेटीसाठी मुठीत धरलेली दहाची नोट तिनं पुढं केली. त्यानं ती खिशात घातली, दुसरा खिसा चाचपला, मान हलवली. तिच्या हातातलं प्रमाणपत्र घेऊन उलटं केलं, खिशातलं पेन काढलं आणि मागं पाचाचा आकडा लिहून त्याभोवती गोल केला. खाली सही केली, चौतीस वर्षं करत होता तशीच, एका झटक्यात.

"सुट्टे नाहीत. उतरताना घ्या, बाई."

पाळकसाहेबांनी तिला विचारलं, "आणि आपण?"

"होय," ती म्हणाली. ते पुढच्या जोडप्याकडं वळले.

घरी आल्यावर कपडे धुताना ती नोट त्याच्या खिशात सापडली. तिनं ती वाळवली आणि पुन्हा त्याच्याच खिशात ठेवली. प्रमाणपत्र कपाटात आहे. कंडक्टरकडून काजबाईला पाच येणं आहे.