खांदशेकणीचं आवतन

१४ जून १९९९. जानेफळच्या स्टँडवर आई, थोरले दादा आणि मी. खिशात बाराशे रुपये. पुण्यात एका कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी लागली होती. एसटी सुटताना आई म्हणाली, "पोटभर जेवत जाजो, टायमावर झोपत जाजो." आई आता नाही. पण पंचवीस वर्षं मी दोन्ही पाळलं.

मग खात्यातली माणसं निम्मी झाली आणि माझ्या टेबलावर दोघांचं काम आलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला डॉक्टरांनी लक्ष लागण्यासाठी गोळ्या दिल्या होत्या. "घ्या, चहासारखीच आहे," म्हणत त्यानं एक मला दिली. पुढच्याही त्याच्याकडूनच मिळत गेल्या. पहिले दोन महिने मी पंचविशीतल्यासारखा राबलो, साहेबांची शाबासकी मिळाली. नंतर भूक गेली, मग झोप. छाती धडधडायची. गोळीचा जोर उतरला की विनाकारण रडू यायचं. एकच बेरीज पाच-पाचदा तपासायचो. बरोबर आली की वाटायचं, कुणीतरी आकडे बदललेत. बायको फोनवर हळू बोलली तरी ती माझ्याविरुद्धच बोलते आहे, अशी खात्री व्हायची.

अशा अवस्थेत पोळ्याच्या आदल्या दिवशी गावी गेलो. दुपारी ताटात अर्धी भाकर राहिली. वहिनी म्हणाली, "पुन्याच्या मानसाले आमची भाकर गोड नाही लागत आता." मी तिच्यावर इतका ओरडलो की ती ताट उचलून आत निघून गेली.

संध्याकाळी खांदशेकणी. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं आणि उद्याच्या पुरणपोळीचं आवतन द्यायचं, ही आमची रीत. एका बैलाचा खांदा सुजला होता.

"खांदा आला याचा," दादा म्हणाले. "आता महिनाभर जुपाचा नाही."

"चालतो तर चांगला," मी म्हणालो.

"चालनारच बे. जू दिसलं का मान देते तो. नाही म्हनतच नाही. म्हून आपन पाहा लागते."

आणि हळदीनं भरलेला तोच हात त्यांनी माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर ठेवला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," बैलांना म्हणायचं तेच ते मला म्हणाले. दुपारपासून रुसलेली वहिनीही हसली. मला हसू आलं नाही. गोठ्यातच खाली बसून मी दोघांना सगळं सांगून टाकलं.

पोळा झाल्यावर दादांनी मला बुलढाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या देखरेखीखाली गोळ्या बंद झाल्या. झोप बसायला दीड महिना गेला, संशय जायला त्याहून जास्त. पुण्याला येऊन दुसऱ्या टेबलाचं काम परत केलं, बढती हुकली. अजून थकवा आहे.

माझ्यासारखे जे गावाबाहेर पडले, त्यांना एवढंच सांगतो. माझं काम मोजणारे इथे पुष्कळ भेटले. जिथे न विचारता खांदा पाहतात, त्या जागेला मी आता घर म्हणतो.

डॉक्टरांची फी, सहाशे रुपये, दादांनी भरली. बुलढाण्याहून परतीच्या एसटीत मी नोटा पुढे केल्या, तर त्यांनी माझी मूठ मिटवली.

"ठेव खिशात. बैलाच्या औषधाचे पैसे बैल देते का बे?"