सोवेटोतल्या नोमसाने विचारलं, “कधी?”

मंडळी, सगळे बरे आहात ना? लातूरच्या कुसुमताई, गुडघा काय म्हणतो? इंगोलश्टाटच्या सुजाता, धाकट्याचा खोकला गेला का गं? फ्रँकफर्टचे वसंतकाका, साखर तपासलीत की नुसतंच उद्या-उद्या? मी इथे जर्मनीत, येनात धडधाकट आहे, फक्त डोक्यात गुंता झालाय. तो तुम्हीच सोडवायचा.

माझा लेक मिलिंद कामानिमित्त जोहान्सबर्गला निघाला होता. म्हणाला, “आई, तूही चल.” मी लगेच बॅग भरली. येना ते फ्रँकफर्ट ट्रेनने तीनेक तास, पुढे विमानात रात्रभर. जुलैत तिकडे हिवाळा असतो, स्वेटर हाताशी ठेवा. माझा बॅगेच्या तळाशी होता.

दुसऱ्या दिवशी सोवेटोची टूर. काळ्या लोकांना गोऱ्यांच्या शहराबाहेर ठेवायला वसवलेली ही वस्ती, आता स्वतःच शहराएवढी झालीय. अर्ध्या दिवसाचे माणशी चाळीसेक युरो, जेवण वेगळं. व्हॅनमध्ये आम्ही दोघं, एक जर्मन जोडपं आणि गाइड थाबो. त्याने जुन्या वीजकेंद्राचे रंगवलेले दोन मनोरे दाखवले, मग काड्यापेट्यांसारख्या घरांच्या रांगा. त्यातल्याच एका घरात तो जन्मला. मला मात्र कुठे बघावं ते कळेना. आमची वस्तीही गावाबाहेरच होती. ती बघायला कोणी तिकीट काढून आलं नाही, आणि बिनतिकिटाचं चहालाही कोणी आलं नाही. मग इथे मी कोण, बघणाऱ्यांतली की बघितल्या जाणाऱ्यांतली?

एका घरापाशी थाबो म्हणाला, “दहा मिनिटं. फोटो विचारून.” दारात मी चपला काढल्या. माझं बघून जर्मन जोडपंही वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागलं. घरची बाई नोमसा, माझ्याच वयाची. हसून म्हणाली, “अगं बाई, फरशी गार आहे. सगळ्यांना सर्दी करशील.” तिने मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि पालेभाजी चाखायला दिली. उकड म्हणजे आपल्या कण्यांची सख्खी बहीण. मी वाटी पुसून खाल्ली.

निघताना मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, “या एकदा आमच्या घरी.” आपल्यात म्हणतातच. समोरचा “येऊ की” म्हणतो आणि विषय मिटतो.

नोमसाने विचारलं, “कधी?”

मी मिलिंदकडे बघितलं, मिलिंदने थाबोकडे, थाबोने घड्याळाकडे. नोमसा म्हणाली, “वीस वर्षं लोक माझं घर बघून जातात. बोलावणारी तू पहिली.” तिने वही पुढे केली. मी पत्ता आणि फोन नंबर लिहून दिला.

व्हॅनमध्ये मिलिंद म्हणाला, “आई, व्हिसा लागतो. तिच्या खर्चाचं हमीपत्र द्यायचं तर सरकारी ऑफिसात आधी वेळ ठरवून टर्मीन घ्यावा लागतो. तू सहज बोललीस ना?”

सहज बोलले का, ते माझं मलाच उमगत नाही. घरी आल्यावर नातीने सगळं ऐकलं आणि विचारलं, “वान कॉम्ट झी?” कधी येणार ती? घ्या, हिचाही तोच प्रश्न.

काल नोमसाचा मेसेज आला. “एप्रिलमध्ये थंडी असते का? मी कुठे झोपेन?” मिलिंद म्हणतो, नीट समजावून सांग, ती रागावणार नाही. खरंही असेल. मी मात्र माझ्या खोलीत दुसरी गादी अंथरून पाहिली. कपाट वीतभर सरकवलं की मावते.

आता तुम्हीच सांगा, तिला समजावू की लेकाला टर्मीन घ्यायला लावू? रविवारी उत्तर द्यायचंय तिला, तेवढं त्याआधी लिहा.