बैलाच्या पाठीवरचं गोणपाट

"हीट स्ट्रोक आहे," मंचरचे डॉक्टर म्हणाले. स्ट्रोक शब्द ऐकून मला वाटलं, नवऱ्याचे हातपाय गेले. ते म्हणाले, "तो लकव्याचा नाही, ताई. हा उष्माघात. अंग इतकं तापलंय, की ते स्वतःला गार करायचं विसरलंय." थर्मामीटरचा पारा टोकाला जाऊन बसला होता. ह्यांचं अंग कोरडं ठणठणीत, घामाचा थेंब नाही, आणि तोंडात एकच नाव. हरण्या.

नर्सबाईंनी विचारलं, "मुलगा का?"

मी म्हटलं, "न्हाई. बैल."

हरण्या म्हणजे आमचा शर्यतीचा बैल. लोकांच्या बायकांना सवत असते, मला बैल होता. त्याला सकाळी दूध आणि अंडी, मला कोरा चहा. उन्हाळा लागला की घरातला टेबल फॅन गोठ्यात जायचा आणि राजुरीच्या आमच्या पत्र्याच्या घरात मी पदरानं वारा घेत बसायचे. जळायचे मी त्याच्यावर. हसू नका, खरंच जळायचे. माणसावर जळलं तर चार बायांत बोलता तरी येतं.

त्या चैत्रात माझ्या माहेरी, अवसरी बुद्रुकच्या बाजूला, यात्रा होती. हरण्याला माझ्या भावाच्या बैलाबरोबर गाड्याला जुंपायचं होतं. आमची बारी, म्हणजे पळायचा नंबर, दुपारी दोननंतर होता. गाडे इतके, की झाडांची सावली पुरेना. टेम्पोची जेवढी सावली पडली होती ती ह्यांनी हरण्याला दिली. त्याच्या पाठीवर गोणपाट भिजवून टाकलं, टॉवेलनं त्याला वारा घातला आणि स्वतः कासरा धरून उन्हात उभे राहिले. सकाळपासून पोटात तीन चहा, पाणी नाही.

मी डबा घेऊन गेले. त्यांचा चेहरा तांबडाबुंद झाला होता. "सावलीत येऊन जेवा की," म्हटलं.

"तू जेव जा. मी गेलो तर ह्याला ऊन लागंल."

मी डबा टेम्पोत आपटला आणि मंडपात निघाले. जाताना वळून पाहिलं तर ते अडखळले आणि बैलाच्या खांद्याला टेकले. मला दिसलं. मी मुद्दाम तोंड फिरवलं. घे म्हटलं, त्याच्याच गळ्यात पड. हे ह्यांच्याशिवाय आजवर कुणाला सांगितलं नाही, पण उद्या तुमच्यावरही अशी वेळ येईल, म्हणून लिहिते.

अर्ध्या तासानं भाऊ पळत आला. "ताई, दाजी पडलं! कायबी बरळत्यात. लोकं म्हणत्यात, घेतलीया." ह्यांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. जाऊन पाहते तर ताप भरला म्हणून कुणीतरी अंगावर घोंगडी टाकलेली. हात लावला तर तवा. माझं डोकंच फिरलं. घोंगडी फेकली, हरण्याच्या पाठीवरचं ओलं गोणपाट ओढलं आणि ह्यांच्या अंगावर टाकलं. "लई लाड झालं तुझं," असं त्या मुक्या जिवाला म्हणाले. त्याच्या पिंपातलं पाणी बादलीनं ह्यांच्यावर ओतलं. एक जण ह्यांच्या तोंडात पाणी घालत होता. ठसका लागला तसा मी त्याचा हात धरला. मग टेम्पोत निजवून, टॉवेलनं वारा घालत दवाखाना गाठला.

"भिजवून आणलंत, वारा घातलात, त्याचा फार उपयोग झाला," डॉक्टर म्हणाले. ही शाबासकी मला पचली नाही. ते शहाणपण माझं कुठलं? बैलाची बडदास्त बघून बघून आलेलं ते.

काखेत, मांडीच्या सांध्यात बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. सलाईन लावलं. लघवी कोऱ्या चहासारखी, तीही थोडीच. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन वाढलं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, मूत्रपिंडं थकली की तो साठत जातो. "उद्या अजून वाढलं तर पुण्याला न्यावं लागेल, डायलिसिसला," डॉक्टर म्हणाले. डायलिसिस म्हणजे मशीननं रक्त धुणं. मी बाकावर बसून देवाला हात जोडत होते. समोरच्या कॉटवरचा म्हातारा तापात बायकोला हाक मारायचा, आणि देवाचं नाव घेता घेता मला त्या म्हातारीचाही हेवा वाटायचा. आमच्याकडून हाक यायची ती हरण्याला.

तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन उतरलं. त्या डॉक्टरांचे आणि बर्फ बदलणाऱ्या नर्सबाईंचे उपकार फिटायचे नाहीत. तुम्ही एवढं ध्यानात ठेवा. उन्हात माणूस अडखळला, वेडंवाकडं बोलला, तर प्यालाय म्हणू नका, पांघरूण घालू नका. सावलीत न्या, भिजवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

दुपारी ह्यांनी डोळे उघडले. "हरण्या कुठाय?"

"माझ्या भावाकडं. मजेत हाय," मी म्हटलं, आणि मग मला राहवलं नाही. तोंड फिरवल्याचंसुद्धा सांगून टाकलं. "तुमास्नी बैल दिसतो. मी कुणाला दिसत न्हाई."

ते म्हणाले, "त्याला बोलता येत न्हाई, म्हणून बघावं लागतं गं. तुला काय व्हतंय ते तू सांगशीलच, असं वाटायचं."

अकरा वर्षांच्या संसारात मी एकदाही सांगितलं नव्हतं. ह्यांना आपणहून कळावं म्हणून फुगून बसले होते. राग गेला असं नाही, पण निम्मा दोष तरी माझ्याच पदरात आला.

"मलाबी लई ऊन लागलं व्हतं त्या दिवशी," मी म्हटलं.

सलाईनचा हात सांभाळत ते कॉटच्या कडेला सरकले. "ये, बस."

"पेशंटच्या कॉटवर बसू नका," नर्सबाई दारातून ओरडल्या. मी उठले नाही.